सोमवती, सिंहस्थ आणि सहा मिनिटं तेवीस सेकंद

गुरू सिंह राशीत शिरला की पाहुणे आमच्या घरात शिरतात. घर पंचवटीत, गंगेपासून चालत दहा मिनिटांवर. (नाशिकबाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणून निघालेला नाशिककर पुण्य घेऊनच परततो असं नाही. बुधवार असेल तर बाजारातून मेथीची जुडी घेऊन येतो.) एरवी अकरा वर्षं आमच्या घराला पार्किंग नसतं, जिना अरुंद असतो आणि डास फार असतात. बाराव्या वर्षी तेच घर ‘अगदी मोक्याच्या जागी’ येतं.

तर येत्या सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान, म्हणजे पूर्वीचं शाहीस्नान, २ ऑगस्ट २०२७ ला आहे. आषाढ अमावास्या, त्यात सोमवार, म्हणजे सोमवती. आणि त्याच दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे. खग्रास आपल्याकडे नाही. चंद्राची दाट सावली स्पेनच्या दक्षिण टोकावरून ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी, येमेन करत सोमालियाकडे जाणार. इजिप्तमध्ये लक्सरजवळ ती ६ मिनिटं २३ सेकंद मुक्काम करणार. नाशिकला दुपारनंतर खंडग्रास, तेही त्या दिवशी ढग कुठे कामाला गेले असतील तर.

मला लक्सरला जायचंय. हौस म्हणून नव्हे, जुनी वसुली म्हणून.

थकबाकी २००९ ची आहे. २२ जुलैला पहाटे सुरत-इंदूर-भोपाळ-वाराणसी-पाटणा अशा पट्ट्यात खग्रास होतं आणि नाशिकहून सुरत म्हणजे एका रात्रीचं काम. आम्ही चौघं भाड्याच्या सुमोत वणीमार्गे सापुताऱ्याकडे निघालो. रात्रीपासून वेध, म्हणून आईनं डबा दिला नाही. दुसऱ्या दिवशी आषाढ अमावास्या, म्हणजे गटारी. दारूबंदी असलेल्या गुजरातेतून गटारीला लोक महाराष्ट्रात येतात हे समजण्यासारखं आहे. आम्ही चार तरणेताठे मराठी पुरुष गटारीच्या आदल्या रात्री, स्वखुशीनं, गुजरातेत चाललो होतो. तपासणी नाक्यावर हे कुणालाच पटेना.

‘‘कुठे चाललात?’’

‘‘ग्रहण बघायला.’’

एवढं ऐकल्यावर त्यांनी डिकी उघडायला लावली. आत वेल्डिंगच्या दुकानातून आणलेल्या चौदा नंबरच्या दोन काचा, एक पुठ्ठ्याचं खोकं आणि आईच्या नकळत उचललेला बुंदीचा झारा. ‘‘आ शुं छे?’’ झाऱ्याच्या प्रत्येक भोकातून सूर्याची एकेक चिमुकली कोर जमिनीवर पडते, हे मी रात्री दीड वाजता, पावसात, मोडक्या हिंदीत समजावून सांगितलं. त्यांनी झारा नाकाला लावून पाहिला. वास आला तो तुपाचा. तासाभरानं सोडलं.

सव्वासहा वाजून गेले तेव्हा आम्ही वांसद्याच्या पुढे होतो आणि आभाळ शेणानं सारवल्यासारखं गच्च. सूर्य कुठल्या दिशेला आहे यावरच आमच्यात दोन मतं होती. मग कुणीतरी दिव्याची वात खाली करावी तसा अंधार झाला. मिट्ट नाही, पण टपरीवाल्यानं बल्ब लावला इतका. बगळे उडाले ते परत झाडावर येऊन बसले. तीनेक मिनिटांनी पुन्हा उजाडलं आणि मागच्या वाडीवरचा कोंबडा, जो तासाभरापूर्वीच आरवून मोकळा झाला होता, बिचारा दुसऱ्यांदा ड्युटीवर आला. आमच्यातला एक जण डोळे चोळत सुमोतून उतरला आणि म्हणाला, ‘‘काय झालं, लाइट गेली होती का?’’

झारा कोरडा पडलाच नाही.

पुढे कधीतरी ‘सारोस’ वाचण्यात आलं. १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास त्याच मांडणीत परत येतात आणि जणू तेच ग्रहण पुन्हा होतं. ज्यादाच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फेरी मारून घेते, म्हणून सावलीचा पट्टा पश्चिमेकडे सरकतो. मी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं बेरीज केली. २२ जुलै २००९ अधिक १८ वर्षं ११ दिवस. २ ऑगस्ट २०२७. म्हणजे माझंच ग्रहण! ज्यानं मला वांसद्याला तोंड दाखवलं नाही, तेच पुन्हा येतंय, दुप्पट वेळ थांबणार आहे, आणि तेही अशा जागी जिथे ऑगस्टात ढग औषधालाही नसतो. बेरीज दोनदा तपासली. तिसऱ्यांदा मुलाकडून तपासून घेतली.

कॉलेज रोडवरच्या एका टूरवाल्याकडे गेलो. त्यानं चहा मागवला. ‘‘इजिप्त ना? पिरॅमिड, नाईल क्रूझ, रोज जैन जेवण मिळेल.’’

‘‘मला ग्रहण बघायचंय.’’

‘‘ते पण घालू की पॅकेजमध्ये. सकाळी ठेवू की संध्याकाळी?’’

‘‘दुपारी एकच्या सुमाराला आहे ते.’’

‘‘दुपारी ऊन फार असतं, सर. चाळिशीच्या वर जातं. पण बघू, ॲडजस्ट करू.’’

मग त्यानं आकडा सांगितला. मी पाणी मागितलं. जगभरच्या ग्रहणवेड्यांनी तिथल्या खोल्या कधीच अडवून ठेवल्यात, असं तो म्हणाला. त्याचा धंदाच तो, पण या बाबतीत माझा त्याच्यावर विश्वास बसला. खग्रासासाठी माणसं काय करतात हे मी पाहिलंय, झारा पळवला होता.

घरी आकडा सांगितला नाही, फक्त बेत सांगितला. बायको म्हणाली, ‘‘अहो, इथून दिसणारच आहे ना थोडंसं?’’ खंडग्रास आणि खग्रास यांतला फरक तिला मी लग्नापासून समजावतोय. सूर्याची एक टक्का कोर जरी उरली, तरी तिच्या उजेडात प्रभामंडल दिसत नाही. खंडग्रास बघणं म्हणजे मंडपाबाहेर उभं राहून जिलबीचा वास घ्यायचा आणि घरी येऊन ‘जेवण छान होतं’ म्हणायचं.

आई आतून म्हणाली, ‘‘अमावास्येला प्रवास. सोमवतीला. ग्रहणात.’’ प्रत्येक शब्दानंतर तिनं एकेक भांडं आपटलं. ‘‘बारा वर्षांनी पर्वणी दारात येते आणि हा दार लावून वाळवंटात चाललाय.’’

तिचा मुद्दा मी मनातल्या मनात पुढे नेला आणि घाबरलो. पहाटेपासून अमृतस्नानाची गर्दी. दुपारनंतर ग्रहण, म्हणजे स्पर्शाचं स्नान वेगळं, मोक्षाचं वेगळं. सकाळी आंघोळ करून परत जायला निघालेला भाविक ‘आता थांबलोच आहोत तर’ म्हणून रामकुंडावर परतणार. आणि ज्यांना परतायला वाट मिळणार नाही ते आमच्या जिन्यावर बसणार.

आणि मी बाहेर कसा पडणार? २०१५ च्या पहिल्या शाहीस्नानाला, २९ ऑगस्टला, आमची गल्ली बॅरिकेडच्या आत होती. दूध आणायला निघालो तो तीन वळसे घालून पुन्हा स्वतःच्याच दारात आलो. एका स्वयंसेवकानं हाताला धरून ‘बाबा, रामकुंड इकडे’ म्हणून वळवलं. मी पंचवटीत जन्मलो हे त्याला सांगून उपयोग नव्हता, माझ्या हातात पितळी चरवी होती. मेव्हण्यानं आडगावला गाडी लावली आणि चालत आला तो दोन दिवस पाय वर करून पडला. (या बंदोबस्ताची चेष्टा मी एका मर्यादेपर्यंतच करतो. २००३ ची चेंगराचेंगरी या शहरानं पाहिली आहे.) आता लाखो माणसं गंगेकडे येताहेत आणि एकटा मी चाकांची सुटकेस ओढत उलट्या दिशेनं, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. विमान मुंबईहून ३१ जुलैला असेल तर पंचवटी मला २८ लाच सोडायला हवी. सुटकेसपेक्षा पडशी बरी, साधू समजून तरी वाट देतील.

आईचं दुःख थोडं हलकं व्हावं म्हणून म्हटलं, हुकलंच तर २० मार्च २०३४ चं खग्रास आपल्याच लडाखच्या टोकाला दिसेल. ती म्हणाली, ‘‘मग तेच बघ. तेव्हा मी नसेन, तुला अडवायला कुणी नाही.’’ यावर पुढचे दोन दिवस घरात ग्रहणाचा विषय निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी लातूरच्या नानामामांचा फोन आला. ‘‘भाच्या, दोन ऑगस्टचं लक्षात आहे ना? आम्ही सात जण. गुडघ्यांमुळे मामीला तेवढं कमोडचं बघ.’’

मी धीर केला. स्पष्ट सांगून टाकलं. मामा, मी नसेन, मी इजिप्तला चाललोय, खग्रास ग्रहण आहे, अठरा वर्षं अकरा दिवस वाट बघितली आहे. पहिल्यांदाच कुणीतरी शांतपणे ऐकून घेत होतं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, बिचारे दुखावले.

‘‘वा!’’ मामा म्हणाले. ‘‘जाऊन ये, जाऊन ये. म्हणजे तुमची पण खोली मोकळी. मग आम्ही अकरा येतो. किल्ली कुणाकडे ठेवणार?’’