ट्वायलाइटमधल्या पोरांना अभिनय येत होता

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार, आधीच सांगते.

संध्याकाळी ताईकडे गेले होते. भाची आतल्या खोलीत पालथी पडून लॅपटॉपवर 'ट्वायलाइट' बघत होती, तोच २००८चा सिनेमा, बेला नावाची शाळकरी मुलगी आणि एडवर्ड नावाचा रक्त पिणारा मुलगा यांच्या प्रेमाचा. नववीत आहे, पहिल्यांदाच बघत होती. जंगलातला सीन लागला होता, बेला एडवर्डकडे पाठ करून उभी असते आणि तू कोण आहेस ते मला कळलंय असं त्याला सांगते, तो. पोरीने उशीचा कोपरा मुठीत घट्ट धरला होता. मी दारात येऊन उभी राहिले तेही तिला कळलं नाही. तेवढ्यात आमचे एक नातेवाईक चहाचा कप घेऊन डोकावले. जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे काय बघत बसलीस? या बाईला एकच एक्स्प्रेशन येतं. आणि तो पोरगा बद्धकोष्ठ झाल्यासारखा तोंड करून फिरतो." हसले, निघून गेले. पोरीने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "हो ना काका, बोअरच आहे. मैत्रिणींनी सांगितलं म्हणून लावला."

तिला बोअर होत नव्हतं. मी बघितलंय ना तिला! चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःला आवडलेली गोष्ट अशी पटकन नाकारावी लागते, यानेच माझं डोकं फिरलंय.

वर कडी म्हणजे जेवताना हेच गृहस्थ २०२२च्या 'द बॅटमॅन'बद्दल भरभरून बोलत होते. पॅटिन्सनने काय काम केलंय, नुसत्या डोळ्यांनी बोलतो, न बोलता केवढं दुःख दाखवतो. मी म्हटलं, अहो, मघाशी तुम्ही नावं ठेवलीत तो एडवर्ड म्हणजे हाच. तर म्हणाले, "तेव्हा त्याला अभिनय येत नव्हता, नंतर शिकला." लोकाच्या घरी वाद नको म्हणून मी गप्प बसले. इथे कशाला गप्प बसू?

येत होता. तेव्हाही येत होता.

तो शाळेच्या प्रयोगशाळेतला सीन आठवा. बेला वर्गात शिरते, पंख्याच्या झोतासमोरून जाते, तिचे केस उडतात आणि तिचा वास एडवर्डपर्यंत पोचतो. तो नाक-तोंड दाबून धरतो. मागे पेंढा भरलेलं घुबड पंख पसरून उभं. तासभर तो टेबलाची कड धरून बसतो आणि घंटा होताच पळतो. लोक या सीनवर पोट धरून हसतात. पण त्या माणसाला काय दाखवायचं होतं हो? समोरच्या मुलीला इथल्या इथे मारून तिचं रक्त प्यावं असं त्याला वाटतंय, आणि ते त्याला करायचं नाहीये. बेलाला मात्र वाटायला हवं की याला माझी किळस आली. एकाच चेहऱ्यावर हे दोन्ही आणायचं, तेही संवाद नसताना. करून दाखवा.

आमच्या अण्णांना हा सीन एका क्षणात कळला होता. अण्णा म्हणजे माझे वडील, साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. माझ्या बारावीनंतरच्या सुट्टीत मामेभावाने डीव्हीडी आणून दिली होती आणि मी बाहेरच्या खोलीत टीव्हीवर सिनेमा लावला होता. अण्णा कामावरून आले, हातपाय धुतले आणि सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन खाली बसले फोडायला. इंग्रजी त्यांना शून्य. सबटायटल होती तीही इंग्रजीच. बघतायत की नाही याकडे माझं लक्षही नव्हतं. प्रयोगशाळेचा सीन आला आणि ते म्हणाले, "ह्या पोराला मळमळतंय का काय? पोरगी बिचारी खजील झाली बघ."

झालं की! त्या सीनमध्ये जे कळायचं ते सगळं कळलं त्यांना. भाषा येत नाही, गोष्ट माहीत नाही, ड्रॅक्युला-बिक्युला काही ठाऊक नाही, निव्वळ दोन चेहरे बघून. याला अभिनय नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं?

आता बेला झालेली क्रिस्टन स्टुअर्ट. हिच्यावर तर जगाने हात धुऊन घेतले. शूटिंगच्या वेळी सतरा-अठरा वर्षांची पोरगी. त्याआधी लहानपणीच 'पॅनिक रूम'मध्ये जोडी फॉस्टरच्या मुलीचं काम करून आलेली, 'इंटू द वाइल्ड'मध्ये थोडाच वेळ दिसली तरी लक्षात राहिलेली. तिला म्हणे अभिनय येत नाही! बेला ओठ चावते, केस सारखे कानामागे सारते, वाक्य सुरू करते आणि मध्येच सोडून देते, समोरच्याच्या डोळ्यांत बघता बघता नजर खाली टाकते. मैत्रिणींनो, आपण सतराव्या वर्षी कशा होतो? मी तरी अशीच होते. नव्या कॉलेजात, नव्या गावात, मान वर करून चालायची सवय नसलेली. आपल्याकडे काय किंवा त्यांच्याकडे काय, पडद्यावरच्या मुली एक तर चुरूचुरू बोलतात नाहीतर ढसाढसा रडतात. ही दोन्ही करत नाही. ती संकोचते. अण्णांनी शेंग फोडता फोडता तेही टिपलं होतं, "पोरीला खरंच लाज वाटतीय."

आणि हो, दिग्दर्शिका कॅथरीन हार्डविकला हेच हवं असणार, मला शंकाच नाही. या बाईने २००३मध्ये 'थर्टीन' केला होता, तोही कोवळ्या पोरींवर, आणि त्याच्या लेखनात निकी रीड होती, स्वतः तेव्हा शाळकरी वयाची. तीच निकी रीड इथे रोझाली, एडवर्डच्या कलन कुटुंबातली. अशा दिग्दर्शिकेने क्रिस्टनच्या तोंडाजवळ कॅमेरा नेऊन ठेवला, तो काही चुकून नाही. गोष्ट घडते त्या निळसर, पावसाळी फोर्क्स गावात बेलाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पुढचे भाग दुसऱ्या दिग्दर्शकांकडे गेले, पैसा वाढला, लांडगे वाढले, आणि हा जवळपणा गेला तो गेलाच. पहिल्याचं बजेट सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलर होतं आणि जगभरात त्याने जवळपास ४० कोटी कमावले. इतक्या मुली काय उगाच रांगा लावून उभ्या राहिल्या?

बरं, काही संवाद भयंकर आहेत, मान्य. झाडावर चढताना ते माकडाचं वाक्य कुठल्याच नटाला पेललं नसतं. तोंडाला फासलेली पांढरी पावडर मानेपाशी संपलेली दिसते, तेही मान्य. आणि मुलगी झोपलेली असताना खिडकीतून येऊन तिला बघत बसणं हे आज बघताना अंगावर येतं, मी भाचीलाही सांगणार आहे की हे प्रेम-बिम नव्हे. पण तो दोष गोष्टीचा आहे, पोरांच्या कामाचा नाही.

बेलाचा मित्र जेकब झालेल्या टेलर लॉटनरला पहिल्या भागात करायला होतंच काय? तो केसांचा टोप आणि समुद्रकिनाऱ्यावर थोडं बोलणं. तरी तो ला पुशच्या किनाऱ्यावर आपल्या लोकांची जुनी गोष्ट सांगताना बेलावर छाप पडावी म्हणून धडपडतो आणि वर 'मी नाही मानत असलं काही' असंही दाखवतो, ते सोळा वर्षांच्या मुलाचं अगदी खरं वागणं आहे. दुसऱ्या भागासाठी त्याने अंग कमावलं आणि मग लोकांना त्याचं फक्त अंगच दिसलं. त्याचा निरागसपणा पहिल्याच भागात राहिला. कलनांपैकी जॅस्परचं काम करणारा जॅक्सन रॅथबोन सुई टोचल्यासारखा डोळे वटारतो हे मलाही खटकतं. मात्र तो कुटुंबात नवा 'शाकाहारी' आहे, म्हणजे माणसांऐवजी जनावरांचं रक्त पिणारा, माणसं जवळ आली की त्याला आवरणं जड जातं, एवढं लक्षात घ्या.

अ‍ॅना केंड्रिककडे कुणी बघतच नाही! जेसिका. मैत्रीण म्हणून बेलाच्या गळ्यात पडणारी आणि आतून तिचा थोडा हेवा करणारी. कलन मंडळी कँटीनमध्ये एकेक करून शिरतात आणि ही बेलाला त्यांची माहिती देते, त्यात एडवर्डचं नाव आल्यावर तिचा आवाज जरा वर जातो. याला कुणीच पसंत पडत नाही असं म्हणताना आपल्याला काही फरक पडत नाही असं दाखवते, आणि तेवढ्यात कळतं की हिला त्याने कधीतरी धुडकावलंय. पुढच्याच वर्षी 'अप इन द एअर' आला आणि तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. तेव्हा सगळ्यांना कळलं, वा, गुणी मुलगी आहे. अहो, आधीच होती!

पण या सिनेमातला सगळ्यात मोठा नट माझ्या मते बिली बर्क. चार्ली स्वॉन, बेलाचा बाप, फोर्क्सचा पोलीस प्रमुख. त्याच्याबद्दल लिहायला लागले की माझा राग उतरतो.

हा बाप मुलीला घ्यायला येतो आणि गाडीत काय बोलावं ते त्याला सुचत नाही. केस वाढलेत, म्हणतो. ती सांगते, मधे कापले होते. मग पुन्हा वाढले असतील, म्हणतो आणि पुढे बघतो. संपलं संभाषण. मुलगी वर्षानुवर्षं दुसऱ्या गावात वाढली, हा एकटा राहिला, रोज त्याच हॉटेलात जेवतो. मुलगी आली त्याचा आनंद झालाय, पण तो ठेवायचा कुठे हे त्याला माहीत नाही. मग तो काय करतो? थंडीत रस्ते निसरडे झाले म्हणून तिच्या जुन्या ट्रकला नवे टायर बसवतो. जाता जाता सांगतो, जुने फार झिजले होते. बर्क हे इतकं सहज बोलतो की लक्ष नसेल तर निसटून जातं. एडवर्ड पहिल्यांदा घरी येतो तेव्हा बंदूक साफ करत बसलेला चार्ली सगळ्यांना आठवतो, त्यावर हसलेही सगळे. मला ते टायर आठवतात.

कारण अण्णा. मी पुण्याला निघाले तेव्हा माझ्या सेकंडहँड स्कूटीचे टायर त्यांनी स्वतः बदलून ठेवले होते. मला सांगितलंही नाही. पंपावर हवा भरायला गेले तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, ताई, टायर नवे आहेत की.

आणि तो शेवटाकडचा सीन. जेम्स नावाचा दुसरा रक्तपिपासू बेलाच्या मागावर आहे, बापाला वाचवायचं तर बेलाला घर सोडायला हवं, आणि खरं कारण सांगता येत नाही. म्हणून ती मुद्दाम त्याच्या वर्मी लागेल असं बोलते. तू मला आत्ता तर कुठे परत मिळालीस, असं तो म्हणतो, आणि ती म्हणते की आत्ता निघाले नाही तर आईसारखी मीही इथेच अडकून पडेन. बायको सोडून गेली ती जखम, आणि आता मुलगी तिथेच बोट घालते. बर्क काही करत नाही. नुसता उभा राहतो. खांदे खाली येतात आणि तोंड अर्धवट उघडं राहतं. क्रिस्टनही त्या सीनमध्ये बघा, बोलताना तिच्या आवाजात राग आहे आणि वळल्यावर चेहरा पार कोसळलेला. एकच एक्स्प्रेशन म्हणे!

अण्णांचा शेंग फोडणारा हात थांबला होता. बराच वेळ थांबला. मग म्हणाले, "थांबवाय पायजे हुतं तिला. पर कसं थांबवणार." पुढचा सिनेमा त्यांनी एकही शब्द न बोलता बघितला. पोस्ट लिहिता लिहिता आत्ता फोन केला होता, सिनेमाचं नाव आठवत नाही त्यांना. रक्त पिणारे आठवत नाहीत. "तो पोलीस व्हय? चांगला मानूस हुता," म्हणाले.

आता पुन्हा राग येतोय, कारण या सिनेमाची टिंगल करणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो नीट बघितला असेल? बहुतेकांनी फक्त मीम बघितले. मारामारीच्या सिनेमात हिरो अडीच तास एकाच दगडी चेहऱ्याने फिरतो, त्याला 'करारी' म्हणतात. त्याची एक्स्प्रेशनं मोजायला कुणी बसत नाही. मुलींना आवडलं की लगेच टुकार, उथळ, बकवास. मग त्याच क्रिस्टनला २०१५मध्ये 'क्लाउड्स ऑफ सिल्स मारिया'साठी फ्रान्सचा सेझार हा सिनेमाचा पुरस्कार मिळाला, तो मिळवणारी ती पहिली अमेरिकन अभिनेत्री. राजकुमारी डायानावरच्या 'स्पेन्सर'साठी ऑस्करचं नामांकन झालं. डायानाच्या भूमिकेतही ती मान खाली घालून, डोळे वर करून, वाक्यं तोडत बोलते. तेव्हा समीक्षकांनी वाहवा केली. बेलाची तीच नजर, तोच तुटक श्वास. प्रेक्षक मात्र बदलले होते, आता चौदा वर्षांच्या पोरी नव्हत्या ना समोर.

पॅटिन्सनचंही तेच. १९१८च्या साथीत मरता मरता रक्तपिपासू झालेला आणि तेव्हापासून सतराव्याच वर्षात अडकलेला मुलगा त्याने स्वतःचाच तिटकारा असल्यासारखा उभा केला. राजकुमार केला असता तर सोपं होतं आणि पोरींनी तोही डोक्यावर घेतला असता. त्याने अवघड वाट धरली. बॅले स्टुडिओत बेला रक्ताच्या थारोळ्यात पडलेली असते आणि तिला वाचवायला त्याला तिचंच रक्त शोषावं लागतं, आणि मग थांबावंही लागतं. तिथे मागे वाजणारं गाणंसुद्धा त्याच्याच आवाजात आहे. तो थांबतो तो क्षण पुन्हा बघा. प्रयोगशाळेत टेबलाची कड धरून बसलेला मुलगा आणि हा मुलगा, किती अंतर चालून आलाय ते कळेल.

भाचीला मेसेज केलाय. रविवारी माझ्या घरी ये, पहिल्यापासून बघू, चिवडा करून ठेवते. तिचं उत्तर आलं, "मावशी, आईला सांगू नको, मी आत्ता पांघरुणात बघून संपवला. दुसरा कधी बघायचा?"

रविवारी दोन्ही बघू. राशेल लफेव्हरची व्हिक्टोरिया, म्हणजे जेम्सची जोडीदारीण, आणि तिसऱ्या भागात तिला बदललं त्याबद्दल मला अजून बरंच बोलायचंय, ते वेगळ्या पोस्टमध्ये.