राजदूत ३५०च्या पुढच्या चाकाविषयी आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंदूरमधील सियागंजातल्या आमच्या दुकानाला आपण अभिप्रायात एक तारा दिला आहे आणि राजदूत ३५० या मोटरसायकलसाठी म्हणून आम्ही दुसऱ्याच गाडीचे जुने चाक आपल्याला विकले, असे लिहिले आहे. त्याला आपण दिलेली कारणे अशी, की मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक असताना या चाकाला ड्रम ब्रेक आहे, टेपने मोजली असता रिम अठरा इंचांची न भरता एकोणीस इंचांच्या वर जाते, रिमवर यामाहाचे नाव नाही, आणि खंडवा रस्त्यावर भेरू घाटात चढावर थांबला असताना पुढचा ब्रेक दाबूनही गाडी मागे सरकली. हे यामाहाच्याच आरएक्स १०० या दुसऱ्या मोटरसायकलचे चाक असावे असे आपल्या मिस्त्रींचे मत असल्याचेही आपण नमूद केले आहे. जुनी चाके घ्यायला येणारी इतर मंडळीही यांतलेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

आपण ज्या छायाचित्रांशी तुलना केली, ती यामाहाने जपानमध्ये बनवलेल्या मूळ आरडी ३५०ची असावीत. ती गाडी १९७३ साली आली आणि तिला पुढे डिस्क होती. आपल्याकडे १९८३पासून एस्कॉर्ट्स कंपनीने तिच्यावरून जी राजदूत ३५० बनवली, तिचे इंजिन तेच ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक असले, तरी त्याची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली होती आणि खर्च आटोक्यात राहावा म्हणून पुढची डिस्क काढून तिच्या जागी सात इंची ड्रम दिलेला होता. थोडक्यात, भारतीय राजदूत ३५०ला पुढे ड्रम असणे हेच अस्सल आहे. आज एखाद्या राजदूतला डिस्क दिसली तर ती नंतर कोणी हौसेने बसवलेली असते, आणि बहुधा भलत्याच गाडीची असते.

मिस्त्रींचा अंदाज मात्र अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण आरएक्स १००चे चाकही अठराचेच आहे आणि तिलाही पुढे ड्रमच आहे. म्हणून तर टायरचा आकडा जुळला की चाक जुळले, असे आम्ही कधीच धरत नाही. चाकाची ओळख हबवरून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावरून, आणि त्यात बसणाऱ्या, ब्रेकचे भाग धरून ठेवणाऱ्या ब्रेकप्लेटवरून पटते. आरएक्सच्या पुढच्या प्लेटवर केबलने ओढला जाणारा एकच लिव्हर असतो आणि तिचा ड्रमही लहान असतो. आपल्याला दिलेल्या प्लेटवर दोन लिव्हर आहेत आणि त्यांना जोडणारी एक कांडी आहे. चाक गाडीवरून न उतरवताही हे दिसते. शिवाय ड्रम मोठा असला की रिमपर्यंतचे अंतर कमी राहते आणि स्पोक आखूड लागतात. या चाकाचा एखादा स्पोक आरएक्सच्या स्पोकशेजारी धरून पाहिला तरी शंका उरणार नाही.

घाटातल्या अनुभवाचे कारणही याच दोन लिव्हरमध्ये आहे. साध्या ड्रममध्ये चाक फिरू लागले की एक शू (ड्रमला आतून दाबणारा ब्रेकचा भाग) ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप अधिक घट्ट बसतो आणि दुसरा उलट सैल होऊ पाहतो. राजदूत ३५०च्या पुढच्या ड्रममध्ये प्रत्येक शूला स्वतंत्र लिव्हर आणि त्याला बाहेर ढकलणारा स्वतंत्र कॅम असल्याने गाडी पुढे जाताना दोन्ही शू घट्ट बसतात, आणि म्हणूनच हा ड्रम वेगात असताना इतका चांगला धरतो. पण गाडी मागे सरकू लागली की तेच दोन्ही शू एकदम सैल होऊ पाहतात. चढावर थांबताना या गाडीचा मागचा ब्रेक धरावा लागतो. त्या काळापासून ही गाडी चालवणाऱ्यांच्या हे अंगवळणी पडलेले असते. पुढे जातानाही ब्रेक कमी वाटत असेल, तर नुसती केबल ताणून उपयोग होणार नाही. कांडीची लांबी अशी लावावी लागते की दोन्ही शू एकाच वेळी ड्रमला टेकतील, नाहीतर एकच शू काम करतो आणि दुसरा नुसता सोबत असतो. हे काम वेळखाऊ आहे आणि घाईत असलेला मिस्त्री ते टाळतो, असे मी बऱ्याचदा पाहिले आहे.

रिमच्या मापाचे म्हणाल, तर अठरा हा आकडा टायरची कड रिममध्ये जिथे बसते तिथला व्यास असतो. टेप बाहेरच्या काठापासून काठापर्यंत धरली की दोन्ही बाजूंच्या काठांची उंची त्यात मिळते आणि माप इंचभर किंवा थोडे अधिक वाढते. आपण लिहिलेले माप अठराच्या रिमशी तंतोतंत जुळते. एकोणीसची रिम असती, तर आपण चढवलेला अठराचा टायर तिच्यावर बसलाच नसता.

रिमवर यामाहाचे नाव नाही, हे खरे आहे. ‘हब व प्लेट मूळची, रिम व स्पोक नंतरचे’ असे आपल्या बिलावर लिहून दिलेले आहे. गाडी बनणे बंद होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे आणि त्या वेळच्या बहुतेक रिमा स्पोक जिथे अडकतात त्या निपलच्या भोकांपाशी गंजून गेलेल्या आहेत. अशी रिम केवळ नावासाठी पुढच्या चाकात बसवून देणे मला मान्य नाही. किमतीबद्दलही आपण शेवटी लिहिले आहे. ती किंमत प्रामुख्याने हब आणि प्लेटची आहे, कारण हल्ली दुर्मिळ तेच झाले आहे.

आपण गाडी घेऊन आलात तर आपल्या मिस्त्रींसमक्ष प्लेट उघडून दाखवू आणि कांडीही लावून देऊ. त्याचे पैसे घेणार नाही. त्यानंतरही चाक नको असेल, तर ते परत घेऊन पूर्ण रक्कम देऊ. मात्र हब आणि प्लेट सोबतच आणावी, वेगवेगळी केलेली जोडी घेता येणार नाही. बिल हरवले असेल तरी चालेल, आमच्या वहीत नोंद आहे. रविवारी दुकान बंद असते.