‘आमच्यावर प्रयोग नको’ : त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

काजूचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. बागेत रोजाने जाणारी एक बाई चार दिवसांच्या तापाने फणफणलेली, डोकं गच्च बांधून आमच्या दवाखान्यात आली. डोळे लाल, अंग ठणकत होतं, पांढऱ्या पेशी उतरलेल्या. मला माकडतापाची शंका आली, म्हणून बागेत कुठे मेलेलं माकड दिसलं का, असं विचारलं. ती म्हणाली, “गेल्या आठवड्यात एक पडलेलं होतं ना, ओहोळाजवळ.” मी रक्ताचा नमुना तपासणीसाठी पुण्याला पाठवायचा म्हटलं, तसा नवऱ्याने खिशातून मोबाइल काढला आणि एक मेसेज उघडून माझ्यासमोर धरला. “मॅडम, आमच्यावर प्रयोग नको.”

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. सार असं : छोट्या गावातल्या दवाखान्यात संशोधन वगैरे काही होत नसतं, ते मोठ्या शहरांचं काम. तालुक्याचे डॉक्टर एखादा विचित्र पेशंट मिळाला की नाव व्हावं म्हणून त्याच्यावर लेख लिहितात, आणि एका पेशंटवरून काहीच सिद्ध होत नाही. कागदावर अंगठा घेऊन गरिबांना उंदीर बनवतात. आणि शेवटी, डॉक्टरांनी लिहीत बसण्यापेक्षा उपचार करावेत.

मी तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे. यातलं काय खोटं आहे आणि कुठे खऱ्याचा अंश आहे, हे क्रमाने सांगते.

‘छोट्या गावात संशोधन होत नाही.’

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून धडधाकट माणसं आणि लहान मुलं मरत होती. पेंढा काढताना, लाकडं उचलताना, अंधारात पायरीवर पाय ठेवताना दंश व्हायचा आणि काही तासांत तोंडातून गुलाबी फेस येऊन माणूस जायचा. उपचार म्हणून जे हाताशी होतं, स्टेरॉइड, ॲलर्जीची इंजेक्शनं, ते जीव वाचवत नव्हतं.

बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. कुठल्या पेशंटला पुढे धोका आहे हे आधी कशावरून ओळखता येतं? उलट्या, दरदरून घाम, तोंडात सुटणारी लाळ, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता आणि थंडगार पडलेले हातपाय. ही लक्षणं हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची पूर्वसूचना आहेत, हा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, त्या दाबापुढे हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध का देऊ नये? प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली आणि त्याबद्दल १९८६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. सहलेखिका होत्या त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार, गंभीर दंशात पूर्वी १०० पैकी ३० ते ४० माणसं दगावत. प्राझोसिननंतर ते प्रमाण एखाददुसऱ्यावर आलं.

हे काम मुंबईत होऊच शकलं नसतं. दंशानंतरच्या पहिल्या तासातला पेशंट मुंबईच्या वॉर्डात कधी पोचतच नव्हता. तो महाडला यायचा, किंवा वाटेत जायचा. आजार जिथे आहे तिथेच तो बघावा लागतो.

आजही रात्री-अपरात्री विंचवाचा पेशंट आला की मी आधी त्याचा हात हातात घेते. तळवा गरम लागला तर जीव भांड्यात पडतो. ओला आणि गार लागला तर गोळी, आणि पोरगं असेल तर आईला बजावणं : त्याला कडेवर घ्यायचं नाही, उठवून बसवायचं नाही, आडवंच राहू दे. गोळीने रक्तदाब उतरतो, उचललं तर एकदम कोसळू शकतो. आईला हे फार जड जातं. पोर रडत असतं आणि तिने हात मागे घ्यायचे असतात. मग दर अर्ध्या तासाने कागदावर नाडी, दाब, हातपाय कुठपर्यंत गरम झाले ते. पहाटेकडे बोटं गरम होत येतात. हे सगळं मला कुणी मोठ्या शहरातून शिकवलेलं नाही, महाडहून आलेलं आहे.

गडचिरोलीचं उदाहरण तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत असायला हवं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एक तरी आजार निघाला. त्याआधी त्यांतल्या फक्त ८ टक्के बायकांची अशी तपासणी झालेली होती. १९८९ मध्ये हे छापून आलं, तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जात होतं. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतल्यावर तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. तो अभ्यास १९९९ चा. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन येतात, त्यामागे हे काम आहे.

‘एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही.’

बरोबर आहे, सिद्ध होत नाही. एका पेशंटवरून प्रश्न उभा राहतो, आणि केस रिपोर्ट, म्हणजे एका पेशंटवरचा लेख, लिहिणारा डॉक्टर त्याहून जास्त काही म्हणतही नसतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रक्ताचे असे नमुने सापडले, की साध्या चाचणीत ‘ओ’ दिसायचे, पण ‘ओ’ गटाचंच रक्त त्यांच्याशी जुळायचं नाही. जो तो चाचणी चुकली म्हणून सोडून देऊ शकला असता. त्यांनी १९५२ मध्ये ते छापलं. आज तो ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून जगभर ओळखला जातो. भारतात साधारण १० हजारांत एका माणसाचा तो असतो आणि त्याला चुकून ‘ओ’ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं. मूठभर विचित्र नमुन्यांपासून हे सुरू झालं.

दुसरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली. लहान मुलांचं यकृत कडक होऊन ती दगावण्याचा एक आजार होता. इतका आपला, की त्याच्या वैद्यकीय नावातच ‘भारतीय’ शब्द आहे. पुण्याच्या केईएममधल्या बालरोगतज्ज्ञांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकात त्यावर काम केलं. या मुलांच्या यकृतात तांबं साठलेलं होतं. ते आलं कुठून? आयांना विचारलं गेलं : बाळाचं दूध कशात तापवता, कशात ठेवता? कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात, हे उत्तर आजारी मुलांच्या घरी फार जास्त वेळा आलं. दूध स्टीलच्या पातेल्यात गेलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. माझ्या आजीने तिचं पितळी पातेलं कल्हईवाल्याकडे नियमाने दिलं, यात केवढं संरक्षण होतं हे मला फार उशिरा कळलं.

नावासाठी लिहिणारे डॉक्टर असतात का? असतात. पेशंटचा चेहरा दिसणारे फोटो न विचारता मिरवणारेही मी पाहिलेत, आणि ते चूकच आहे. लेखासाठी पेशंटची संमती लागते, ओळख लपवावी लागते. ते झालं नसेल तर जरूर जाब विचारा.

‘अंगठा घेऊन गरिबांना उंदीर बनवतात.’

इथे मला हात झटकता येणार नाहीत, कारण आपल्या देशात असं घडलेलं आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा अभ्यास झाला. काही मुलींचे मृत्यू झाले. ते लशीमुळे झाले असं चौकशीत दिसलं नाही, पण संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. २०१० मध्ये काम थांबवावं लागलं, २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक शब्दांत झाडलं. त्या आईबापांचा राग शंभर टक्के खरा होता.

पण त्या रागातूनच आजचे नियम कडक झाले, आणि मेसेज लिहिणाऱ्याने ते वगळले. औषधाची चाचणी सरकारी नोंदवहीत आधी नोंदवणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे, आणि ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही वाचता येते. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान ७ जण लागतात. त्यात एक सामान्य नागरिक, एक कायद्याचा जाणकार, एक स्त्री, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे. पेशंटला वाचता येत नसेल तर ज्याचा चाचणीशी संबंध नाही असा साक्षीदार समोर बसवून कागद वाचून दाखवावा लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक आहे. कागदावर अंगठा मागणाऱ्याला एवढंच विचारा : याची नोंद कुठे आहे, आणि मी ‘नाही’ म्हटलं तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना? दुसऱ्या प्रश्नावर जो अडखळेल, त्याच्या कागदाला हात लावू नका.

‘उंदीर’ या शब्दाबद्दल पुन्हा महाडच. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष, म्हणजे विष निष्प्रभ करणारं इंजेक्शन, आल्यावर बावस्करांनी ते ७० पेशंटमध्ये तपासलं. ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष, ३५ जणांना नुसतं प्राझोसिन. म्हणजे औषधाविना कुणालाच ठेवलं नाही. ज्यांना ‘कमी’ मिळालं त्यांनाही तोवरचा सगळ्यात चांगला उपचार मिळाला. १० तासांत पूर्ण बरे झाले पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ८. हे २०११ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलं. माझ्या घरातल्या कुणाला विंचू चावला असता तर मी त्या कागदावर बिनघोर सही केली असती.

‘लिहीत बसण्यापेक्षा उपचार करा.’

दर अर्ध्या तासाची ती नोंद हाच उपचार असतो. तिच्यावरूनच पुढची गोळी ठरते.

आता त्या बाईकडे येते, कारण मेसेजमधला सगळ्यात घातक गोंधळ तिथे आहे. तपासणी वेगळी, केसवर लेख वेगळा आणि औषधाची चाचणी वेगळी. मी तिच्यासाठी फक्त तपासणी मागत होते. माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या काजू बागायतीतल्या कामगारांत दिसला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याची साथ आली. तो गोचिडीमार्फत पसरतो. एका पेशंटचा नमुना पॉझिटिव्ह आला तरी त्या वाडीत आरोग्य कर्मचारी पोचतात, गोचिडी दूर ठेवणारं, अंगाला लावायचं तेल वाटलं जातं, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका म्हणून सांगितलं जातं.

नवऱ्याने ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे’ असं लिहून दिलं आणि तिला घरी नेलं. सुदैवाने तिचा ताप उतरला. केसपेपरवर निदानाच्या रकान्यात मी ‘ताप’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलं. ते तसंच आहे. त्या बागेत तिच्याबरोबर आणखी सहा-सात बायका काजू वेचायला जात होत्या, आणि त्यांना काय सांगायचं हे मला ठरवता आलं नाही.