लेखक येणार हे खरं, पुस्तकं फुकट हे खोटं

परवापासून गावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘रविवारी वाचनालयात लेखक येणार, प्रत्येकाला नवी कादंबरी मोफत, आधार कार्ड आणा.’ कार्यक्रम खरा आहे, बाकी सगळं बनावट. आधार कार्ड कशाला, हे तर कळतच नाही; रेशन आणि कादंबरी कोणीतरी एकात कालवलेली दिसते.

पुस्तकं विक्रीला असतील, छापील किमतीवर थोडी सवलत मिळेल, उरलेली प्रकाशकाकडे परत जातील. घ्यायची नसेल त्यानं वाचनालयाची प्रत नाव नोंदवून न्यावी. लेखकांनी मानधन मागितलेलं नाही, जाण्यायेण्याचा खर्च तेवढा आपला. वेळ संध्याकाळी सातची, कारण कापसाची वेचणी सोडून दिवसा कोण येणार?

मेसेजच्या शेपटाला आणखी एक ओळ आहे: ‘विदर्भातल्या लेखकाला कोण पुरस्कार देते?’ ही मात्र झोंबली. वाशीम जिल्ह्यातल्या नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ चा, बुलडाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. ‘बारोमास’ तर आपल्यासारख्याच कोरडवाहू शेतीची गोष्ट. २०२४ च्या अमळनेर संमेलनाचे अध्यक्ष रवींद्र शोभणेही नागपूरचेच. यवतमाळला २०१९ मध्ये आणि वर्ध्याला २०२३ मध्ये साहित्य संमेलनं झाली. तिथले लेखक आपल्या खेड्यापर्यंत आले नाहीत, ही तक्रार मात्र रास्त.

लेखकांना प्रश्न विचारायचे असतील तर शनिवारपर्यंत ग्रंथपालांकडे चिठ्ठी द्या. ‘यावर पिक्चर कधी निंगते?’ एवढा सोडून काहीही विचारा.