बारा इंचांचा फूट

सांगलीत पत्रकार आणि प्रोग्रामर यांना एका छताखाली आणून हॅकथॉन, म्हणजे ठरावीक तासांत ॲप बनवायची स्पर्धा, भरवायचं तुमच्या मनात आलंय, हे ऐकून बरं वाटलं. पूर, हळदीचा दर आणि रस्त्यांवरचे खड्डे एवढ्यावर शहराचं किती दिवस भागणार? मी अशा एका हॅकथॉनला मेंटॉर म्हणून बसून आलोय. कमाई म्हणाल तर गळ्यातलं ओळखपत्र, दोन माप मोठा टी-शर्ट आणि थोडंफार शहाणपण. टी-शर्टानं घरी खिडक्या पुसतात, शहाणपण तुम्हाला देतो. सांगतो तसंच्या तसं करा. कार्यक्रम दणक्यात होईल आणि त्यातून काही उपयोगाचं तयार होण्याचा धोका राहणार नाही.

नाव बदलू नका, हॅकथॉनच ठेवा. इंग्रजीत पाट्या टाकणाऱ्या बातमीदाराला 'हॅक' म्हणतात आणि यंत्र उसकटून पुन्हा जोडणाऱ्या खटपट्याला 'हॅकर'. या दोन शिव्यांची सोयरीक जुळवून २००९ साली अमेरिकेत 'हॅक्स/हॅकर्स' नावाची चळवळ निघाली. तिच्या संस्थापकांपैकी बर्ट हर्मन हे असोसिएटेड प्रेसमध्ये परदेशात बातमीदारी करून आलेले गृहस्थ. आपल्याकडे मात्र या शब्दाला एकच अर्थ आहे: 'माझं अकाउंट हॅक झालंय, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.' आमचा फलक लागल्यावर पहिल्या तासात चौकशीला आलेल्या दोघांनाही आपापलं फेसबुक परत हवं होतं. अशांना हाकलू नका, त्यांची नोंदणी करून घ्या. प्रायोजकाला आकडा दाखवायचा असतो.

तारीख ६ जानेवारी धरा. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, म्हणून आपण तो पत्रकार दिन पाळतो. निमंत्रणपत्रिकेत ते किती शोभून दिसतं बघा! शिवाय त्या दिवशी पत्रकार सकाळी प्रतिमापूजनाला, दुपारी सत्काराला आणि संध्याकाळी आरोग्य तपासणी शिबिराला गेलेले असतात. तुमच्याकडे दहा मिनिटं येतील, फोटो होईल, जातील. प्रोग्रामर मंडळींना मोकळा वेळ मिळेल.

तरीही चिकटून राहणारे काही पत्रकार निघतातच. म्हणून बोलावताना काळजी घ्या. संपादकांना बोलवा, आवृत्तीप्रमुखांना बोलवा, यूट्यूब चॅनेलवाल्यांना तर बोलवाच, कारण बूम घेऊन ते उभे राहिले की कार्यक्रमाला वजन येतं. तालुक्याच्या बातमीदाराला मात्र चुकूनही बोलावू नका. कुठल्या गावचा पूल पहिल्यांदा पाण्याखाली जातो, कुठल्या ग्रामपंचायतीचा ठराव कागदावरच झालाय आणि कुणाच्या वाढदिवसाच्या जाहिरातीचे पैसे तीन वर्षं थकलेत, हे सगळं त्याला पाठ असतं. असा माणूस हॉलमध्ये असला की पोरं त्याला प्रश्न विचारायला लागतात आणि प्रश्न विचारले की वेळेत ॲप होत नाही.

समस्या कुठली घ्यायची, हे तर पत्रकारांना अजिबात विचारू नका. विचाराल तर काय ऐकावं लागेल ते सांगून ठेवतो. डेस्कवरची एक बाई उठली आणि म्हणाली, 'आमच्या जुन्या बातम्या वाचता येतील असं काही करून द्या.' भानगड अशी, की युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत) येण्याआधीचे मराठी फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांना घातलेले मुखवटे. फॉन्ट असेल तोवर 'सांगली' दिसते, फॉन्ट काढला की मागे इंग्रजी अक्षरांचा भुसा. कैक वर्षांचे अंक अशा भुशात पडलेत. गावाचं नाव टाकून शोधायला गेलं तर काहीही सापडत नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, नाहीत असं नाही; पण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची आणि रफार अक्षर झाल्यावर. युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं. त्यामुळे कुणाची वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर बसते, कुणाचा रफार वाटेतच गळतो. एखाद्या चांगल्या टीमनं दोन दिवस डोकं घातलं असतं तर पन्नास डेस्कांनी दुवा दिला असता.

म्हणूनच त्याला हात लावायचा नाही. मंचावर दाखवायला त्यात आहे काय? आधी भुसा दिसतो, मग मराठी दिसते. 'मराठी तर आम्हाला रोजच दिसते,' असं परीक्षक म्हणतील. बाईंना चहा द्या आणि खाली बसवा. आम्ही बसवलं.

सांगलीत समस्या एकच घ्यायची: पूर. २००५, २०१९, २०२१, यादी तयारच आहे. १९२९ साली बांधलेला कृष्णेवरचा आयर्विन पूल पार्श्वभूमीला येतो, त्यावर अलार्मचा लाल दिवा उडवता येतो. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे इथल्या शेंबड्या पोराला पाठ आहेत. हरिपूरला वारणा मिळते, वर कऱ्हाडला कोयना मिळते, कोयनेचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये, नदी फुटांत. एवढी वेगवेगळी मापं एका पडद्यावर आणली की त्याला डॅशबोर्ड म्हणतात.

आमच्याकडे असा डॅशबोर्ड करणाऱ्या टीमच्या वाट्याला, आयोजकांच्या नजरचुकीनं, एक खरा बातमीदार आला. निवृत्तीला टेकलेला, खिशात दोन पेनं, पिशवीत डायऱ्या. पोरं त्यांना काका म्हणत होती. मी शेजारच्या खुर्चीवर होतो, म्हणून हे शब्दशः सांगू शकतो.

'काका, पाण्याच्या पातळीचा एपीआय कुठला?'

'कसला?'

'म्हणजे आकडा येतो कुठनं?'

काकांनी मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकरवर टाकला. 'काय ओ, किती?' पलीकडून आवाज आला, 'हाय तेवढंच हाय. जानेवारीत काय इचारताय?' फोन बंद. 'ह्यो बघा तुमचा एपीआय,' काका म्हणाले. 'पावसाळ्यात तासातासाला चालतो. रात्री दोनला लावला तर शिव्या देतो, पण आकडा देतो.'

हे असं उत्तर लिहून घ्यायचं नसतं. पोरांनीही घेतलं नाही. पण ॲप चालवून बघायला आकडे हवे होते, म्हणून काकांच्या डायरीतली एका पुराची पानं त्यांनी पटापट भरली. ३९.८, ३९.९, ३९.१०, ३९.११, ४०. एंटर दाबलं. पडद्यावर निळी रेघ वर गेली, मध्येच धाडकन खाली आली, थोडी रेंगाळली आणि एकदम उडी मारून चाळिशीला भिडली. त्या रेंगाळण्याच्या वेळात ॲपनं आपणहून सगळ्यांना संदेश पाठवला: 'पाणी ओसरत आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.'

काकांनी चष्मा वर केला. 'हे दोन तास पाणी उतरलं कुठं? मी तिथंच हुतो की.'

'काका, डेटाच तसा आहे. बघा, पॉइंट नऊनंतर पॉइंट दहा. पॉइंट दहा म्हणजे पॉइंट एक. कमी झालं.'

'बाळा,' काका अगदी शांतपणे म्हणाले, 'फूट बारा इंचांचा असतोय.'

३९.१० म्हणजे ३९ फूट १० इंच. संगणकाला तो दशांश वाटला. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मगरमच्छ कॉलनी इथली माणसं आकडा चाळिशीला टेकायच्या आधीच गाद्या माळ्यावर टाकून बसलेली असतात. या संदेशावर विसंबून त्यांनी त्या खाली उतरवल्या असत्या, तेही पाणी इंचाइंचानं चढत असताना. (दोष पोरांचा एकट्यांचा नाही हो. आम्ही पेपरवाले आज ३९.१० छापतो, उद्या ३९ फूट १० इंच छापतो, आणि परवा डेस्कवर नवा गडी असला की साडेएकोणचाळीस.)

आता अशा वेळी काय करायचं, हे नीट लक्षात ठेवा, कारण आयोजक म्हणून तुमची कसोटी इथंच लागते. सादरीकरणाला चाळीस मिनिटं उरली होती. फूट आणि इंचांचे दोन वेगळे रकाने केले असते तर काम झालं असतं. पण मग सगळे आकडे पुन्हा भरायला लागले असते. टीमनं अधिक आधुनिक मार्ग काढला. रेघ गुळगुळीत करून टाकली. खड्डा बुजला. रस्त्यावरचे खड्डे बुजवायला असं काही निघालं तर महापालिकेला कळवा.

परीक्षक तीन असावेत: एक उद्योजक, एक प्राचार्य, एक पुण्याहून आलेले. पुण्याहून आलेल्यांनी 'हे स्केल होईल का?' असं विचारायचं असतं, आणि त्यांनी विचारलंच. 'म्हणजे कोल्हापूरला नेता येईल का?' टीमचा म्होरक्या म्हणाला, 'हो सर, फक्त नदीचं नाव बदलायचं.' पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट आणि धोका पातळी ४३, म्हणजे सांगलीच्या आकड्यावर कोल्हापूर बसून राहिलं असतं तर घरात बसल्या बसल्या पोहायला शिकलं असतं. काकांनी हात वर केला. सूत्रसंचालकानं 'प्रश्नोत्तरं शेवटी' असं सांगितलं. शेवटी बक्षीस वितरण होतं. पहिला क्रमांक अर्थातच पुराच्या ॲपला.

परिसंवादात कुणी तरी 'परदेशात हे फार पुढं गेलंय' म्हणेल, तेव्हा विषय झटकन बदला. कारण तिथली उदाहरणं आपल्या उपयोगाची नाहीत. कॅन्ससमधलं लॉरेन्स हे सांगलीपेक्षाही लहान गाव. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या स्थानिक पेपरात २००३ च्या सुमारास एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोन प्रोग्रामर नोकरीला बसले होते. बातमीदाराला संध्याकाळपर्यंत काही तरी करून हवं असायचं, म्हणून वेबसाइटची कामं भराभर उरकणारी हत्यारं त्यांनी आपल्यापुरती बनवली. २००५ मध्ये ती 'जँगो' या नावानं जगाला खुली झाली. पुढं इन्स्टाग्राम त्याच्यावर उभं राहिलं. त्याच विलिसननं २००९ मध्ये 'गार्डियन'साठी ब्रिटिश खासदारांच्या खर्चाच्या कागदपत्रांची साडेचार लाखांवर पानं वाचकांना तपासायला मांडून दिली. आता मला सांगा, या सगळ्यात हॅकथॉन कुठं आला? टी-शर्ट कुठं आला? नुसता पगार देऊन माणूस बातमीदाराच्या शेजारच्या टेबलावर बसवला. असली खर्चिक सवय आपल्या पेपरांना लावू नका. २४ तासांत समोसा आणि प्रमाणपत्रावर भागतंय ना?

माहिती अधिकाराबद्दलही तेच. २००५ च्या कायद्यानं उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे आणि ते उत्तर येतं झेरॉक्सच्या झेरॉक्सवर. त्याची वाट बघत बसलात तर हॉलचं भाडं कोण भरणार? डेटा हवाच असेल तर इंटरनेटवरून अमेरिकेतल्या घरांच्या किमतींचा घ्या. स्वच्छ असतो, इंच वगैरे नसतात.

समारोपानंतर एक काम राहतं: कुणीही कुणाचा फोन नंबर घेऊ नये, याची खबरदारी. व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा, पण तो लगेच सुप्रभात संदेशांच्या हवाली करायचा. आमच्या ग्रुपवर आठवड्यात एका सदस्याच्या भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आले, मी निश्चिंत झालो. विजेत्या ॲपचा कोड गिटहबवर (प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या संकेतस्थळावर) रविवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी जो थांबला तो अजून तिथंच आहे. म्होरक्या पुण्याला लागला. चांगलं झालं, हुशार होता.

एकच गोष्ट आमच्या हातून निसटली, ती तुमच्या हातून निसटू नये म्हणून सांगतो. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, हरलेल्या टीममधली. तिच्यावर कुणी लक्ष ठेवलं नाही. सोमवारी दुपारी ती सरळ आमच्या कार्यालयात आली आणि म्हणाली, 'ते डायरीवाले काका कुठं बसतात?' काका जिन्याखालच्या टेबलावर बसतात. तेव्हापासून ती शनिवारी येते. लॅपटॉपवर साधी एक्सेल उघडते. तारीख, वेळ, फूट, इंच. फूट एका रकान्यात, इंच दुसऱ्यात. काका वाचतात, ती भरते. मध्ये चहा येतो, तो काका सांगतात आणि पैसे माझ्या खात्यावर. तिनं कुणाकडं प्रमाणपत्र मागितलेलं नाही, ग्रुपवर फोटो टाकलेला नाही, कामाला नावसुद्धा दिलेलं नाही.

सध्या दोघं २००५ च्या डायरीवर अडलेत. २०१९ च्या पुरात काकांच्या घरात पाणी आलं तेव्हा ही डायरी खालच्या फळीवर होती. ऑगस्टच्या पानांवर शाई फुटलीय. परवा मी मागून जाताना दोघंही एक पान उजेडाला धरून भांडत होते, की तो आकडा सात आहे का एक.