मोजाय आलाव का, सायेब?

माझ्या मोबाइलमध्ये 'म्हशीवाले मामा' नावाचा एक नंबर आहे. त्यांच्या मोबाइलमध्ये मी 'पाण्याचे सायेब' आहे. मी कसल्याच पाण्याचा साहेब नाही. एका पतसंस्थेत सोनं तारण बघतो. पाण्याशी माझा संबंध एवढाच, की पाचव्या दिवशी अपरात्री ते आमच्या नळाला येतं तेव्हा मोटर लावायला मी उठतो. (नळाला मोटर लावू नये असा नियम आहे. आमच्या गल्लीत तो सगळ्यांना पाठ आहे.)

हे सगळं घडलं मेव्हण्यामुळं. तो पुण्याला असतो. दरवर्षी मे महिन्यात येतो, आल्या आल्या "दाजी, काय ऊन आहे तुमच्याकडं" म्हणतो, जणू ते मीच लावून ठेवलंय. यंदा येताना त्यानं गाडीच्या डिकीतून एक फुगवायची होडी आणली. "होडी नाही म्हणायचं, कनू म्हणायचं." कनूला एका बाजूला पातं असलेलं वल्हं लागतं आणि दोन्हीकडं पातं असेल तर तो कयाक, हेही त्यानंच शिकवलं. आमच्या खोक्यातून निघालेल्या वल्ह्याला दोन्हीकडं पाती होती, तेव्हा नक्की काय आणलंय हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. पण नावावरून भांडण्याची वेळ पुढं आलीच नाही, कारण भांडायला आधी ती वस्तू तरंगावी लागते.

मी त्याला सांगितलं होतं. "अरे, उजनी धरण मायनसमध्ये आहे." तो हसला. पुण्याच्या माणसाला मायनस म्हणजे काय ते कळत नाही, कारण मायनस होतं ते आमच्याकडं. धरण एकूण 117 टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातलं 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळातलं पाणी. वापरायच्या साठ्यावर टक्केवारी काढतात, आणि तो संपला की शून्याच्या खाली मोजायला लागतात. 2024च्या उन्हाळ्यात ती वजा पन्नासच्याही खाली गेली होती. सोलापुरात लहान मुलांना वजाबाकी शाळेत शिकवायची गरज नाही, पेपर वाचायला दिला तरी भागतं. आणि जे काही धरणात येतं, ते आधी पुणेकरांनी आंघोळ करून, भांडी घासून पुढं ढकललेलं असतं. हे मी बोललो नाही. तो बायकोचा भाऊ आहे.

रविवारी पहाटे निघालो. आधी हत्तरसंग-कुडलला संगमेश्वराचं दर्शन. सीना आणि भीमा जिथं मिळतात तिथलं हे देऊळ. तिथं शके 940चा, म्हणजे 1018चा शिलालेख आहे, मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. त्यात शेवटी म्हटलंय की जो हे वाचेल तो विजयी होईल. मेव्हण्यानं मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात बोट फिरवत ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "झालं दाजी, आपलं काम फत्ते." तिथंच 359 मुखं कोरलेलं शिवलिंगही आहे. एवढ्या तोंडांपैकी एकानंही "घरी जा" म्हटलं नाही.

संगमाच्या अलीकडं एका गावाजवळ गाडी लावली. होडी फुगवायला पायाचा पंप होता. पाऊण तास लागला आणि तेवढ्यात साडेनऊचं ऊन माझ्या मानेवर येऊन बसलं. नदी म्हणजे पलीकडच्या काठाला लागून एक हिरवट पट्टा, मध्ये वाळूची बेटं, अलीकडं तडकलेला गाळ. पलीकडं कर्नाटक. पावसाळ्यात परराज्यात जायला पूल लागतो, मे महिन्यात चप्पल पुरते.

मेव्हण्यानं व्हिडिओ बघून अभ्यास केला होता. वळणावर बाहेरच्या अंगानं जायचं, तिथं धार काठ कापते म्हणून पाणी खोल असतं. पुढं पाण्यावर इंग्रजी व्हीसारखी रेघ दिसली आणि टोक खालच्या दिशेला असेल तर तिथून वाट आहे, टोक आपल्याकडं असेल तर खाली दगड आहे. सगळं बरोबर. फक्त त्या व्हिडिओतल्या नदीत पाणी होतं. आमच्या नदीत व्ही दिसत होता तो म्हशींच्या दोन शिंगांचा.

दोन माणसं बसलेल्या असल्या होडीला पाच-सहा इंच पाणी लागतं. म्हणून ठरलं की मी पुढं चालत वल्हं उभं धरून खोली बघायची आणि ओरडून सांगायचं, त्यानं मागून होडी ओढत आणायची. आता चित्र डोळ्यापुढं आणा. डोक्याला टोपी, अंगात ऑफिसचा जुना शर्ट, सवयीनं खिशाला पेन. हातात लांब दांडा. तो मी नदीत रोवतोय आणि ओरडतोय, "सहा इंच! ... चार! ... इथं कोरडं!"

"मोजाय आलाव का, सायेब?"

बाभळीच्या सावलीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मळका पटका, हातात काठी. पुढं पाण्यात त्यांच्या पाच म्हशी गुडघ्यापर्यंत बुडाल्या होत्या. बसल्या असत्या तरी पूर्ण बुडाल्या नसत्या, तेवढं पाणी त्यांच्या वाट्याला नव्हतं.

"नाही ओ मामा, फिरायला आलोय."

मामांनी होडीकडं बघितलं, नदीकडं बघितलं, मग माझ्या पेनाकडं. "फिराय?"

"हो. होडीतनं."

"ह्येच्यात?" त्यांनी काठी नदीकडं केली.

"हो."

"आयतवारी?"

"हो."

मामांनी मान हलवली. त्यांना सगळं समजलं होतं. "सांगू नगा, बरूबर हाय. वरनं ऑर्डर असंल. लोकास्नी कळलं तर गर्दी हुईल." मग थोडं जवळ सरकून, "पण मी कुणाला सांगत नाय. लिवून घ्या."

"काय लिहून घेऊ?"

"पेन कशाला ठिवलंय मग खिशाला?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. मी खिशातून तारण-पावतीचा एक कोरा कागद काढला. वाटलं, दोन ओळी लिहून घेतल्या की सुटेन. माझी पहिली चूक होडीत बसायला तयार होणं, ही दुसरी, आणि जास्त महागाची ही.

मामा सांगत होते, मी लिहीत होतो. नदीला पाणी सोडतात तेव्हा काठाकाठानं लाईट घालवतात, शेतकऱ्यांनी उपसू नये म्हणून. पाणी डोळ्यापुढनं जातंय आणि मोटर मुकी. लाईट येते तवर पाणी गेलेलं. "लिवलं?" लिवलं. वाळूवाल्यांनी पात्रात खड्डे पाडलेत, वरनं दिसत नाहीत, त्यांची एक म्हैस गेल्या साली त्यात गेली, दोरीनं काढली तेव्हा पाय मोडला होता. "म्हशीचं नाव पण लिवा." नाव चंद्री. लिहिलं. मोटरीचं बिल. पाइपाची चोरी. पुतण्याचं सात-बारावरचं नाव, ज्याचा पाण्याशी काही संबंध नव्हता, पण कागदाला जागा होती.

मध्ये मेव्हणा आला आणि म्हणाला, "मामा, आम्ही खरंच टुरिस्ट आहोत." मामांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. मला म्हणाले, "ह्यो शिपाई का तुमचा?"

त्या रविवारातला तेवढा एकच क्षण मला आवडला. मी "हो" म्हटलं.

त्यानंतर शिपाई रुसून एकटाच होडीत बसला आणि वल्हं मारायला लागला. चाळीस पावलं गेला असेल. मग पुढच्या गाळात लपलेला वेड्या बाभळीचा काटा होडीच्या उजव्या नळीत गेला. मोठा आवाज झाला नाही. म्हातारं माणूस खुर्चीत बसताना सोडतं तसा एक सुस्कारा आला आणि होडी उजवीकडं कलली. तो उतरायला गेला तर गुडघ्याएवढ्या पाण्यात एकदम छातीपर्यंत. खड्डा. मामांनी नुकताच लिहून दिला होता तोच. लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून, आणि मामांनी काठी पुढं केली म्हणून, आम्ही आज हसतोय. मी तेव्हा हसलो नव्हतो. माझे पाय कापत होते. ज्यांनी ते खड्डे पाडले ते डंपर गेले, त्यांचे बंगले झाले, आणि तिथं एक साधी पाटी लावायलाही कुणाला सवड नाही. पोहायला उतरणाऱ्या पोरांना कोण सांगणार? चंद्री?

अर्धवट हवा गेलेली होडी डोक्यावर घेऊन आम्ही काठ चढलो. मामांनी माझा मोबाइल नंबर मागितला. नको म्हणायची हिंमत नव्हती, शिपायाचा जीव नुकताच वाचवला होता त्यांनी. निघताना म्हणाले, "तुमचीच नाव चालंना म्हटल्यावर आमचं कुणाकडं चालणार, सायेब?" आणि तोंडाला पदर लावून मागं उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. तो हसण्याचा आवाज अजून कानात आहे.

घरी पोचलो तर नळाला पाणी येऊन गेलेलं. नेहमीची वेळ सोडून त्या दिवशी सकाळी अकराला आलं होतं. बायकोनं एकटीनं भरलं. "नदीवर गेला होता ना? आणलं का थोडं?" एवढंच बोलली. भावाला मात्र सरबत दिलं.

तो कागद टाकवला नाही. पतसंस्थेच्या ड्रॉवरमध्ये, कुणाच्या तरी पाटल्यांच्या पावत्यांखाली, चंद्रीचं नाव अजून आहे.

परवा रात्री पावणेदोनला मी मोरीत उभा. नळानं आधी हवा सोडली, मग गढूळ, मग खरं पाणी. पिंप लावलं आणि मोबाइल वाजला. म्हशीवाले मामा.

"सायेब, पाणी आलं ओ नदीला! दोन्ही काठ भरून. तुमी शब्द पाळला बगा."

धरणातून पाणी सुटल्यावर खालपर्यंत यायला आठवडा-दीड आठवडा लागतो. म्हणजे मी कागद लिहिला तेव्हाच ते वाटेला लागलं असणार. हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तीस वर्षांत माझ्यामुळं कुठं काही आलंय असं कुणी म्हटलेलं नाही.

"बरं झालं, मामा."

"पण लाईट घालवली की हो तुमी. दोन दिस झालं. लिवून दिलं हुतं ना? पाणी ह्यो असा जातुया समोरनं, आन मी काठावर बसलोय मोटरीपाशी."

मी गप्प. पिंप भरत आलं होतं.

"कसला आवाज येतुया, सायेब?"

"नळ आहे, मामा."

"तुमच्याकडं आलं व्हय?"

"आलंय."

पलीकडं थोडा वेळ नुसतं नदीचं वाहणं ऐकू आलं.

"बरं," मामा म्हणाले, "भरून घ्या."