रस्त्याला चिकटून कोण आलं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

रस्त्याकडेच्या घरांत घुसणाऱ्या गाड्यांवरच्या माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. एक चूक आधीच मान्य करतो. ४ जुलै २०२३ चा धुळे जिल्ह्यातल्या पळासनेरचा अपघात मी 'बिजासन घाटात' असं लिहिलं होतं. ब्रेक निकामी झालेला तो कंटेनर घाट उतरून आल्यावर, गावाजवळ, गाड्यांना ठोकरत हॉटेलात शिरला. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता आपलं ते वाक्य. "रस्त्याला चिकटून घरं बांधायची आणि गाडी घुसली की गळा काढायचा." मतभेद समजू शकतो, पण हा सूर कुणासाठी? ज्यांच्या अंगावर भिंत पडली त्यांच्यासाठी?

आमचं घर कराड तालुक्यात, राज्यमार्गाच्या वळणावर आहे. आजोबांनी ते १९४८ साली बांधलं. रस्त्यापासून किती अंतर सोडायचं त्या इमारत रेषा ज्या महामार्ग कायद्याने आल्या, तो कायदाच १९५५ चा. तेव्हा दारासमोर गाडीवाट होती आणि मधे अंगण, वृंदावन, गोठा. पहिल्या रुंदीकरणात गोठा गेला, दुसऱ्यात वृंदावनासकट अंगण. आज उंबऱ्यापासून डांबर तीन फुटांवर आहे. त्यात दरवेळी जुन्या थरावर नवा थर चढवल्याने रस्ता आमच्या जोत्यापेक्षा उंच झालाय. वळणावर सुटलेली गाडी सरळ घरात उतरते. सांगा, चिकटून कोण आलं?

२०११ च्या गळिताच्या हंगामात उसाने भरलेला ट्रक पहाटे सोप्याची, म्हणजे घराच्या दर्शनी खोलीची, भिंत फोडून आत आला. आत्या पाणी तापवायला परसात गेली होती, म्हणून वाचली. तिची कॉट उसाखालून काढायला दुपार झाली. हे मी पाहिलंय. तुम्ही काय पाहिलंय, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

आणि भरपाईला 'भीक' म्हणू नका. त्रयस्थाच्या मालमत्तेचं नुकसान १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेच सक्तीच्या विम्यात धरलंय आणि त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. तो हक्क आहे.

माझी मागणी साधी आहे. अशा वळणांवर काँक्रीटचा कठडा हवा. पत्र्याची पट्टी मोटारीला आवरेल, भरलेल्या ट्रकला ती कशी आवरणार?

तोवर आम्ही स्वखर्चाने सोप्यापुढे दोन ट्रॉल्या दगड रचलेत. ते रस्त्याच्या हद्दीत येतात, हलवा, अशी नोटीस गेल्या वर्षी आली. दगड हलवलेले नाहीत.